घरचा महिना

"आई, पायरी निसरडी आहे, जपून हं," असं आईला बजावता बजावता बकुळ स्वतःच घसरली.

पडली मात्र नाही. तिच्या हातातली शिध्याची पिशवी मागून कुणीतरी घट्ट धरली, आणि पिशवीला बकुळ धरून होती, म्हणून दोघीही वाचल्या. तिनं वळून पाहिलं. चुरगळलेला कुडता, चार दिवसांची दाढी, एका हातात तांब्याची कळशी. बकुळपेक्षा तांदूळ सांडले नाहीत ना, याचीच त्याला जास्त काळजी दिसत होती.

"थँक्यू," ती म्हणाली.

"काही नाही... इथे सगळेच घसरतात," तो म्हणाला आणि लगेच नदीकडे बघायला लागला. जशी काही नदी त्यानं आजच पाहिली होती!

बकुळची बदली सांगलीहून बनारसच्या बँकेत झाली, त्याला आता पाचेक महिने होत आले होते. आई, म्हणजे प्रेमलाताई, सोबतच आल्या होत्या. काशीत आलोच आहोत तर यंदा बाबांची तिथी गंगेवर करू, असं मायलेकींनी ठरवलं. बाबांना मुलगा नाही, बकुळ एकटीच. "मुलीनं केलं तर चालेल का हो?" हे रामघाटावरच्या बिंदुमाधव गुरुजींना फोनवर विचारताना तिचा आवाज जरा कापलाच होता. गुरुजी म्हणाले होते, "बापाला मुलगी चालली, मग आम्हाला का चालू नये? या तुम्ही." त्या एका वाक्यावर आई दिवसभर डोळे पुसत होती.

तर आता उन्हं वर आली होती, गुरुजी चटईवर दर्भ मांडून बसले होते आणि बकुळ हात जोडून समोर. गुरुजींनी संकल्प सुरू केला, "आश्विन मासे, कृष्ण पक्षे, द्वितीयायां..."

"गुरुजी, कार्तिक," बकुळनं हळूच टोकलं. "बाबांची कार्तिक वद्य द्वितीया."

गुरुजींचा हात थांबला. "कार्तिक? अगं बाळ, परवाच कोजागिरीचं दूध प्यालीस ना? दिवाळी यायचीय अजून. कार्तिक वद्य कुठून आणलंस?"

"मी म्हणतच होते!" आई उसळली. "ह्यांची तिथी येते तेव्हा फराळाचे डबे रिकामे झालेले असतात. पण ही म्हणाली, मोबाईल सांगतोय. आणि शेजारच्या मिसराइनबाई रोज पहाटे 'कार्तिक नहाने' गंगेवर चालल्यात. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

गुरुजी हसले. "तुमचं डोकं जाग्यावर आहे. इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक पाऊल पुढे. त्यांचा कार्तिक लागला, आपला आश्विन चालू. तुमची तिथी पुढच्या महिन्यात, इथल्या देवदिवाळीच्या, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेच्या, दोन दिवसांनी."

बकुळनं फोन काढला. 'तिथीघर' नावाचं ते ॲप. त्यात ठसठशीत लिहिलेलं: आज कार्तिक वद्य द्वितीया, बाबा.

झालं! पोरीचा पारा चढला. "कोण दीडशहाणा हे चालवतो कुणास ठाऊक! सांगलीत होते तोवर सगळं बरोबर. इथं आले नि यानं गुपचूप महिना बदलला. अहो, निदान विचारायचं तरी! काल आईनं रडत रडत तांदूळ निवडलेत. भेटू दे तो मला एकदा, त्याला याच पायरीवर उभा करते आणि..."

"मी," कळशीवाला म्हणाला.

"काय, मी?"

"तो दीडशहाणा... मीच."

मग गुरुजींनीच घसा साफ केला. "हा आमचा मुलगा, निमिष. वेदपाठाला बसवला, तर उठून कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. माणसांशी बोलायला मात्र दोन्हीकडे शिकला नाही."

निमिषनं कळशी खाली ठेवली. मान खाली घालून, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा तो बोलला, त्यातून एवढं कळलं. तिथीघर त्यानं अप्पांच्या, म्हणजे गुरुजींच्या, यजमानांसाठी बनवलं होतं. ते ओपन सोर्स होतं, म्हणजे सगळ्यांना फुकट आणि आतून उघडं. कुणीही आतलं वाचावं, सुधारणा पाठवावी. वापरणारे हजारो, सांभाळणारा मात्र हा एकटा. कुणा भल्या माणसानं सुधारणा पाठवली, की फोन ज्या गावात असेल त्या गावचा महिना आपोआप धरावा. निमिषनं गणित तपासलं. गणित बरोबर होतं. घेतली.

"आणि वापरणाऱ्यांना विचारलं?" बकुळनं विचारलं.

"गणित बरोबर होतं..."

"मी गणिताचं नाही विचारलं."

"तक्रारी आल्यात खूप," तो पुटपुटला. "सगळ्यांना उत्तर दिलंय मी. बिल्कुल सगळ्यांना." त्यानं फोन पुढे केला. बकुळ वाचत गेली. कुणी भोपाळहून लिहिलेलं, कुणी लखनौहून, कुणी जबलपूरहून, ओळीच्या ओळी, काहींचा राग, काहींचं रडू. आणि प्रत्येकाखाली निमिषचं उत्तर, शेवटी तक्रार मिटवल्याचं 'बंद': 'पाहतो. बंद.' 'दुरुस्ती पुढच्या वेळी. बंद.' 'माहीत आहे. बंद.'

"याला तुम्ही उत्तर म्हणता?" ती म्हणाली. "हे तर तोंडावर दार लावणं झालं."

तो लाल झाला. पण पायऱ्या चढताना पिशवी त्यानं तिच्या हातातून घेतली, आणि रस्त्यापर्यंत सोडली नाही.

*

पुढच्या आठवड्यात, बँकेत ऐन गर्दीच्या वेळी, बकुळनं चौकशीच्या खिडकीतून मान वर केली तर रांगेत निमिष. हातात टोकन. दाढी केलेली!

त्याच्या पुढे एक म्हातारेबुवा खिडकीवर हात आपटत ओरडत होते. पासबुक छापून मिळत नव्हतं म्हणून ते तीनदा परत गेले होते. आज चौथ्यांदा मशीन बिघडलेलंच. बकुळनं पाण्याचा ग्लास पुढे केला. "बाबूजी, पहले बैठिए. इतनी धूप में चार बार आए, गुस्सा तो आएगा ही. मुझे भी आता." म्हातारेबुवा बसले. मग गुडघ्यांचं सांगितलं, मग सुनेचं सांगितलं. जाताना म्हणाले, "जीती रहो बिटिया," आणि पासबुक तसंच कोरं घेऊन हसत हसत निघून गेले.

"पुढचे," बकुळ म्हणाली. चेहरा अगदी सरकारी. "खातं कुठलं?"

"खातं नाही. माझं काम... माफीचं आहे."

तिनं हसू दाबलं. "माफीची खिडकी जेवणाच्या सुट्टीनंतर उघडते."

"मी थांबतो."

आणि खरंच थांबला की! ती डबा खायला मागच्या जिन्यावर गेली, तेव्हा हा तिथे उभा. तिनं एक पोळी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली, खाल्ली नाही, नुसतीच धरून बसला.

"त्या बाबूजींना तुम्ही काहीच दिलं नाही," तो म्हणाला. "पासबुक तर छापलंच नाही. तरी खूश होऊन गेले. कसं काय?"

"ऐकलं ना त्यांचं." ती म्हणाली. "माझे बाबा टेलिफोन खात्यात होते. दिवसभर लोकांच्या तक्रारी घ्यायचे, फोन बंद पडलाय, तार तुटलीय. म्हणायचे, तार जोडायला वेळ लागतो बकू, पण 'ऐकलं हो तुमचं' म्हणायला काय लागतं?"

निमिषनं हातातल्या पोळीची घडी घातली. मग एकदम म्हणाला, "मी तिथीघर बंद करतोय. कार्तिकी पौर्णिमेला. चार वर्षं रोज शिव्या खातोय. महिना आधीसारखा करून देतो आणि... बस. झालं माझं."

बकुळला एकदम वाईट वाटलं. ॲपसाठी की या वेड्यासाठी, ते तिला त्या वेळी कळलं नाही. आदल्या रात्री तिनं त्या सगळ्या तक्रारी पुन्हा वाचल्या होत्या. लखनौच्या एका नव्या सुनेनं लिहिलं होतं, 'माझ्या आजीची तिथी तुमच्यामुळे चुकली. तिच्यासाठी एवढं एकच करत होते मी.' खाली 'बंद'.

"पौर्णिमेपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "तोवर माझं ऐका. रोज संध्याकाळी. आपण दोघं मिळून एकेकाला नीट उत्तर देऊ. मग खुशाल करा बंद."

"तुम्ही कशाला इतकं परेशान होता?"

"कारण मला दीडशहाण्यांना सुधारायची सवय आहे," ती म्हणाली. "आणि ती पोळी खा. थंड झाली."

*

मग काय, रामघाटाच्या पायऱ्यांवर रोजची बैठक सुरू झाली. अंधार पडायला लागला की पलीकडच्या घाटावर वेळूच्या काठ्यांवर आकाशदिवे चढायचे. टोपलीत पणती, दोरीनं हळूहळू वर. खाली निमिषच्या मांडीवर लॅपटॉप, आणि दोघांच्या मध्ये कागदाच्या पुडीत चिवडा-मटर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

"वाच," बकुळ म्हणायची.

"'आपली सूचना प्राप्त झाली. योग्य ती कारवाई केली जाईल.'"

"शाब्बास! आमच्या बँकेलासुद्धा लाजवलंस."

"मग काय लिहू?"

"जे वाटतंय ते."

"मला तर... भीती वाटतेय," तो म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर स्वतःच चकित झाला. बकुळनं त्याच्याकडे पाहिलं. आकाशदिव्याचा उजेड काही इतक्या लांब येत नाही, पण तिला तो चेहरा स्वच्छ दिसला.

त्या रात्री लखनौच्या त्या सुनेच्या तक्रारीचा नंबर लागला. निमिषनं लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी एकच ओळ ठेवली आणि लॅपटॉप बकुळकडे वळवला. 'चूक माझी आहे. आजीचं नाव काय होतं?'

बकुळनं मान हलवली, त्यानं पाठवलं. त्या पोरीचं उत्तर थोड्याच वेळात आलं, आणि केवढं मोठं! आजीचं नाव गोदावरी. ती दडपे पोहे कसे करायची, भांडायची कशी, सगळं. शेवटी खरी तिथी कुठली धरू, एवढं विचारलेलं. निमिषनं ती मोजून दिली. खाली 'बंद' लिहायला त्याचं बोट गेलं... आणि थांबलं.

"राहू दे," तो म्हणाला. "अजून काही सांगायचं असेल तिला."

बकुळला त्या क्षणी तो इतका आवडला, की तिनं घाईघाईनं मटर तोंडात टाकले आणि ठसका लागून घेतला.

दिवाळीनंतरच्या रविवारी तिनं त्याला पुढच्या पायरीवर ढकललं. वापरणाऱ्या सगळ्यांना बोलवायचं, व्हिडिओवर, समोरासमोर. गावोगावची माणसं पडद्यावर आली, कुणी स्वयंपाकघरातून, कुणी गच्चीवरून. निमिषच्या तोंडून शब्द फुटेना. पडद्याबाहेर, कुणाला दिसणार नाही असा, बकुळनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"मी... निमिष. तिथीघर मी सांभाळतो," तो म्हणाला. "गलती माझी आहे. तुम्हाला न विचारता महिना बदलला. माफ करा."

मग देवासच्या एका आजीबाईंचा आवाज आला, "अरे बाळा, तुला आवाज आहे की! आम्हाला वाटलं, मशीनच उत्तरं देतंय."

हशा पिकला, आणि मग जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. महिना कसा ठरवावा यावर वाद झाला. अखेर त्या आजीबाईंनीच तोडगा काढला. "माणूस पोटासाठी कुठेही जाईल रे. महिना घरचाच चालतो. फोन कुठे आहे ते कशाला बघतोस? घर कुठलं ते विचार." सगळ्यांनी माना डोलावल्या. निमिषनं ते तसंच लिहून घेतलं, घर कुठलं ते विचारायचं.

बैठक संपते न संपते तोच आभाळातून चार टपोरे थेंब आले. कार्तिकातला पाऊस, कुणाच्या ध्यानीमनी नसलेला! निमिषनं लॅपटॉप कुडत्यात लपवला आणि दोघं धावत घाटावरच्या वेताच्या मोठ्या छत्रीखाली शिरली. छत्री पंडाजींची, जागा एकाची, माणसं दोन.

"'गलती' काय म्हणालास रे?" बकुळनं केसांतलं पाणी झटकलं. "चूक म्हणायचं."

"आम्ही बनारसचे मराठी असंच बोलतो. चूक म्हटलं असतं तर जास्त माफी मिळाली असती?"

"माझ्याकडून मिळाली असती."

"तुझ्याकडून अजून मिळाली नाहीये?"

"विचार चालू आहे," ती म्हणाली. तिच्या ओल्या ओढणीचं टोक त्याच्या मनगटावर पडलं होतं. त्यानं ते काढलं नाही, तिनंही नाही. पाऊस थांबला, पंडाजी येऊन खाकरले, तेव्हा कुठे दोघांना समजलं की आता छत्रीची काही गरज नाही.

*

आणि मग त्या शहाण्यानं काय करावं?

पौर्णिमेला दोन दिवस होते. बकुळ बँकेत कामात, आणि फोन थरथरतोय की थरथरतोय. उघडून बघते तर तिथीघरवर जाहीर सूचना: 'आजपासून बकुळ पाटणकर याही तिथीघर सांभाळतील. माझ्याइतकेच सगळे अधिकार त्यांना दिले आहेत. निमिष.' खाली अभिनंदनांचा पाऊस. 'ताई, माझी एकादशी बघा.' 'ताई, मुंजीचा मुहूर्त?' दुपारी तर एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन थेट खिडकीवर आले आणि संकष्टीचा चंद्रोदय विचारायला लागले. मॅनेजरसाहेब चष्म्यावरून बघत राहिले.

संध्याकाळी ती ताडताड रामघाट उतरली. निमिष उठून उभा राहिला. चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही त्यानं तिला चंद्रहार केला होता.

"मला विचारलंस?" ती म्हणाली.

त्याचं हसू तिथेच राहिलं. "मला वाटलं... तुला आवडेल."

"फोन बघून महिना बदललास, तेव्हाही तुला असंच वाटलं होतं!" तिचा आवाज चढला. "महिनाभर काय शिकलास रे? लोकांना विचारायचं, लोकांना विचारायचं... आणि मी कोण? मी लोकांत नाही?"

"बकुळ, तसं नाही..."

"आणि पौर्णिमेला तू बंद करणार होतास ना? आता बंद केल्याचं पाप नको, म्हणून चाव्या माझ्या गळ्यात अडकवून तू मोकळा! असंच ना?"

निमिषनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "मी..." एवढंच.

"बोल ना!" ती जवळजवळ ओरडली. तिला त्याच्याकडून काम नको होतं, अधिकार नको होते. कितीतरी दिवस तिला वाटत होतं की आज हा काहीतरी विचारील, उद्या विचारील. आणि यानं विचारलं काहीच नाही, नुसता हुकूम काढला. हे तिला म्हणायचं होतं. पण असलं काही पोरीनं आपल्या तोंडानं कसं म्हणायचं? ती वळली आणि पायऱ्या चढून गेली. या वेळी घसरली नाही.

देवदिवाळीला सगळं बनारस घाटांवर लोटलं. बकुळ आणि आई राजा घाटावर एका कोपऱ्यात बसल्या. लाखो पणत्या, पाण्यात त्यांची थरथर, नावांची गर्दी. आई म्हणाली, "तुझे बाबा असते तर आत्तापर्यंत चार अनोळखी माणसांशी गप्पा मारून झाल्या असत्या."

"हं," बकुळ म्हणाली. फोन हातातच होता. आज पौर्णिमा. आज तो तिथीघर बंद करणार. ती दर मिनिटाला बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती.

शेवटी सूचना आली. तिला वाचायचं धाडस होईना, म्हणून फोन आईकडे दिला. आईनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"'परवा मी एक सूचना लावली. जिच्याबद्दल लावली, तिला विचारलं नव्हतं. तुमच्या तिथींच्या बाबतीत केलेली चूक मी दुसऱ्यांदा केली, आणि या वेळी अशा व्यक्तीच्या बाबतीत केली, जिनं मला तुमच्याशी बोलायला शिकवलं. ती सूचना मागे घेतो. तिथीघर बंद होणार नाही. ते मीच सांभाळीन, एकट्यानं सांभाळावं लागलं तरी. कुणाला काही म्हणायचं असेल तर लिहा. मी वाचतोय, उशीर झाला तरी उत्तर देईन.'"

आईनं चष्मा काढला. "चांगलं लिहितो की गं हा मुलगा."

"मीच शिकवलंय," बकुळ म्हणाली.

"मग रडतेस कशाला?"

"माहीत नाही," बकुळ म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईनं पदरानं तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसंच.

*

द्वितीयेला मायलेकी पुन्हा रामघाटावर आल्या. या वेळी गुरुजींनी "कार्तिक मासे, कृष्ण पक्षे, द्वितीयायां" म्हटलं, आणि बकुळनं ओंजळीतून तीळ मिसळलेलं पाणी सोडलं. बाबांचं नाव घेताना तिचा आवाज स्वच्छ निघाला. निमिष बाजूला होता. पाणी भरत होता, पात्रं उचलत होता. तो एक शब्द बोलला नाही, आणि तिच्या समोर येऊन उभाही राहिला नाही. आईला ते दिसलं. "अरे, तूही आमच्याबरोबर जेवायला बस हो," ती त्याला म्हणाली. "ह्यांना पंगतीत माणसं कमी असलेली आवडायची नाहीत."

जेवणं गुरुजींच्या घरीच झाली. गुरुजी आणि आई वर ओसरीत बोलत बसले. बकुळ पायरीवर आली, तिच्या मागून तो.

"बकुळ, मला तुला एक विचारायचंय," तो म्हणाला. "पण आज नाही. आज बाबांचा दिवस आहे."

ती नदीकडे बघत राहिली. ओठांच्या कोपऱ्यात हसू यायला लागलं होतं, ते तिनं येऊ दिलं. "मग आज का सांगतोस?"

"आधी कळवायचं असतं ना. एकदम अंगावर टाकायचं नसतं. लोकांना विचार करायला वेळ द्यायचा असतो... तूच सांगितलंस."

"म्हणजे ही आगाऊ सूचना आहे?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "वाचली."

त्या रात्री बकुळ झोपली नाही, हे काय सांगायला हवं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घाटावर आली, तर तो आधीच येऊन बसलेला. पौर्णिमा सरली तसे आकाशदिवे उतरवले होते, नुसते वेळू उभे होते. इस्त्री केलेला कुडता, हातात फोन, आणि कपाळावर थंडीतही घाम.

"तिथीघरची नवी आवृत्ती झालीय," तो म्हणाला. "सगळ्यांना देण्याआधी तू बघ. तुझी हरकत नसेल तरच."

"हे विचारायचं होतं?"

"नाही. हे... हातात काहीतरी असावं म्हणून आणलं." त्यानं श्वास घेतला. "बकुळ, मी बंद करून पळत नव्हतो. तुला चाव्या दिल्या कारण माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं. चार वर्षं माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. पण द्यायच्या आधी विचारायला हवं होतं... म्हणून आता विचारतो. माझ्याशी लग्न करशील? उत्तर आत्ता नको. वेळ घे. हरकती असतील त्या सांग, मी सगळ्या ऐकेन."

"आहेत हरकती," ती म्हणाली.

"सांग." त्याचा चेहरा पडला, पण तो हलला नाही.

"बँकेची नोकरी आहे माझी. उद्या बदली झाली तर?"

"लॅपटॉप उचलून मागे येईन. अप्पांना विचारलंय. ते म्हणाले, जा."

"आईला मी सोडणार नाही."

"काकूंना मीही सोडणार नाही. त्यांनी काल मला दोनदा वाढलं."

"आणि तू माणसांशी बोलत नाहीस."

"आता बोलतोय ना," तो हळूच म्हणाला. "बघ किती बोलतोय."

तिला हसू फुटलं. मग हसता हसता डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून तिनं त्याच्या हातातला फोन घेतला. नव्या आवृत्तीत पहिलाच प्रश्न होता, देवासच्या आजींच्या शब्दांत: 'घर कुठलं?' खाली रिकामी जागा.

"इथे सांगली लिहिलं काय नि रामघाट लिहिलं काय, महिना एकच येणार ना?" तिनं विचारलं.

"एकच. रामघाटावरची आमची मराठी घरंही अमावास्येचाच महिना धरतात. गणिताला काही फरक पडत नाही."

"मला पडतो," बकुळ म्हणाली. आणि एकेक अक्षर सावकाश, त्याला वाचता येईल असं धरून, तिनं लिहिलं: रामघाट.

निमिष त्या शब्दाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "हे... उत्तर आहे?"

"हो. आणि याच्याखाली 'बंद' लिहिलंस ना, तर बघ!"

तो काही लिहू शकलाच नसता. त्याचे दोन्ही हात तिनं धरून ठेवले होते.